दोन इको, दोन निदानं: फरक झडपेत की तीन मिलिमीटरच्या मापात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ७२ वर्षांच्या, उंची १४८ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. तीन आठवड्यांच्या अंतराने दोन ठिकाणी इको झाला. पहिल्या रिपोर्टात ‘सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस, झडपेचं क्षेत्रफळ ०.८ चौरस सेंटिमीटर’, दुसऱ्यात ‘मॉडरेट, १.१’. एऑर्टिक स्टेनोसिस म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारी एऑर्टिक झडप अरुंद होणं; सिव्हिअर म्हणजे तीव्र, मॉडरेट म्हणजे मध्यम. एक डॉक्टर म्हणाले झडप बदलायच्या तयारीला लागा, दुसरे म्हणाले सहा महिन्यांनी दाखवा. खरा रिपोर्ट कोणता, तिसरा इको मोठ्या शहरात जाऊन करावा का, मावशीसारखं फुग्याने झडप उघडून काम भागेल का, आणि चैत्रात आईंना जोतिबाला न्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी २६ वर्षं इको करतोय. तरी आधीच सांगतो, आईंना मी तपासलेलं नाही आणि चित्रफिती पाहिलेल्या नाहीत. माझ्यासमोर आहेत ते तुम्ही लिहून पाठवलेले आकडे. शेवटचा शब्द त्यांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवणाऱ्या डॉक्टरांचा. पण आकडे तुम्ही पूर्ण दिलेत हे फार बरं केलंत. लोक बहुधा फक्त ‘इम्प्रेशन’ची शेवटची ओळ पाठवतात आणि त्या ओळीवरून काहीच कळत नाही.

‘सिव्हिअर’ आणि ‘मॉडरेट’ हे शब्द झाकून नुसते आकडे शेजारी शेजारी ठेवा. पहिल्या ठिकाणी झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा जास्तीत जास्त वेग ३.६ मीटर प्रतिसेकंद, दुसऱ्या ठिकाणी ३.७. मीन ग्रेडियंट, म्हणजे झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक, ३२ आणि ३४. व्हीटीआय, म्हणजे एका ठोक्यात रक्त किती सेंटिमीटर पुढे सरकतं तो आकडा, दोन्हीकडे जवळपास तोच, झडपेच्या खाली २५ आणि झडपेत ८०. ईएफ, म्हणजे डावा कप्पा दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते, दोन्हीकडे ६० टक्के. म्हणजे दोन वेगळ्या यंत्रांनी, दोन वेगळ्या हातांनी जे प्रत्यक्ष मोजलं ते जुळतंय. जुळत नाही ती एकच गोष्ट: ‘एलव्हीओटी डायमीटर’. पहिल्यात १.८ सेंटिमीटर, दुसऱ्यात २.१. तुमचं सगळं भांडण या तीन मिलिमीटरचं आहे.

ते कसं, हे कळण्यासाठी इको झडपेचं क्षेत्रफळ काढतो कसं ते बघू. शेतातल्या पाटाच्या तोंडाशी दगड पडला की तिथून पाणी उसळून पळतं. जितकी फट लहान, तितका वेग जास्त. पण मागून येतं तेवढंच पाणी फटीतून पुढे जातं, मध्येच नाहीसं होत नाही. हृदयातही तेच. झडपेच्या लगेच खालचा जो गोल रस्ता, त्याला एलव्हीओटी म्हणतात. त्याचं क्षेत्रफळ गुणिले तिथला व्हीटीआय, भागिले झडपेतला व्हीटीआय, की झडपेचं क्षेत्रफळ निघतं. दोन्ही व्हीटीआय डॉप्लरने, म्हणजे इकोतल्या रक्ताचा वेग मोजणाऱ्या पद्धतीने, मोजले जातात. रस्त्याचं क्षेत्रफळ मात्र इको करणारा पडद्यावर दोन ठिपके ठेवून व्यास मोजतो आणि यंत्र त्या व्यासाचा वर्ग करतं. व्यासात जी चूक होते तिचाही वर्ग होतो. १.८ घेतलं तर रस्ता २.५४ चौरस सेंटिमीटर, २.१ घेतलं तर ३.४६. आईंच्या बाकीच्या आकड्यांत हे घातलं की पहिल्याने ०.८ येतं आणि दुसऱ्याने १.१. झडप तीच, रक्त तेच.

हे तीन मिलिमीटर चुकतात कसे? झडपेवर साठलेला चुना, म्हणजे कॅल्शियम, कधी कधी खाली एलव्हीओटीच्या भिंतीवर उतरतो. त्याच्या चकाकीत कडा नेमकी कुठे आहे तेच दिसत नाही. त्यात वयस्कर बायकांमध्ये हृदयाचा मधला पडदा बऱ्याचदा फुगलेला असतो. बरगड्यांच्या फटी अरुंद, फुप्फुस मध्ये येतं, पेशंट नीट डाव्या कुशीवर वळू शकत नाही. शिवाय हा रस्ता पूर्ण गोल नसून जरा लंबगोल असतो, आणि आपण तो गोल धरून चालतो. म्हणून कोणत्याही डॉक्टरांनी निष्काळजीपणा केला असं मी म्हणणार नाही. हा आकडा अनुभवी हातांतही दोन मिलिमीटर इकडेतिकडे होतो.

मग दोनपैकी कुठलं माप धरायचं? इथे मी घरगुती हिशोब करतो. रस्त्याचं क्षेत्रफळ गुणिले २५ केलं की एका ठोक्याला हृदय किती रक्त बाहेर टाकतं ते कळतं. पहिल्या मापाने ते येतं ६४ मिली, दुसऱ्याने ८७. आता दुसऱ्याच रिपोर्टात वर बघा: डावा कप्पा पूर्ण भरल्यावर त्यात ८२ मिली रक्त मावतं असं लिहिलंय. ८२ मावतं आणि ८७ बाहेर पडतं? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कप्प्याचं आकारमान साध्या इकोत थोडं कमीच मोजलं जातं, त्यामुळे याला पक्का पुरावा म्हणणार नाही. पण ४६ किलोच्या बाईच्या हृदयाने ७६ ठोक्यांना मिनिटाला साडेसहा लिटर रक्त बसल्या जागी फेकावं, हे पटत नाही. माझा कल १.८ कडे, म्हणजे ०.८ कडे आहे.

तर मग ‘सिव्हिअर’ ठरलं का? अजून नाही. रूढ मोजपट्टी अशी: वेग ४ मीटर किंवा जास्त, मीन ग्रेडियंट ४० किंवा जास्त, क्षेत्रफळ १.० किंवा कमी, की आजार तीव्र. निरोगी माणसाची ही झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. आईंच्या बाबतीत क्षेत्रफळ तीव्र म्हणतंय आणि वेग मध्यम. असं अर्धवट जुळणारं चित्र मला दर आठवड्याला दिसतं. याचं एक कारण मोजपट्टीतच आहे. हृदय नेहमीच्या जोराने रक्त टाकत असेल तर ४०चा ग्रेडियंट साधारण ०.८च्या झडपेला येतो, १.०च्या झडपेला तो बराच कमी भरतो. दोन्ही रेघा एकाच जागी काढलेल्या नाहीत आणि मधल्या पट्ट्यात सापडलेल्या माणसाला दोन निदानं मिळतात.

दुसरं कारण देहयष्टीचं. सहा फुटी धिप्पाड गड्याला १.० चौरस सेंटिमीटर म्हणजे उपासमार, पण आपल्याकडच्या पावणेपाच फुटी आजीबाईला तेवढ्यात बऱ्यापैकी भागतं. म्हणून क्षेत्रफळाला शरीराच्या पृष्ठभागाने भागतात. आईंचा पृष्ठभाग उंची-वजनावरून साधारण १.३७ चौरस मीटर येतो. ०.८ला त्याने भागलं की ०.५८. इथली रेघ ०.६ वर आहे. अगदी उंबरठ्यावर. पुढच्या वेळी फॉर्मवर उंची आणि वजन लिहिलंय का ते स्वतः बघा. निम्म्या रिपोर्टांत ती जागा कोरी असते.

आता वेगाकडे येऊ, कारण तो प्रत्यक्ष मोजलेला आकडा म्हणून आपण त्यावर विश्वास टाकतोय. वेगावरून दाबातला फरक काढायचं सूत्र साधं आहे, वेगाचा वर्ग गुणिले चार. आईंच्या ३.७ला ५५ येतात, तोच तुमच्या रिपोर्टातला ‘पीक ग्रेडियंट’. १९७०च्या दशकात नॉर्वेतल्या मंडळींनी हे सूत्र कामाला लावलं, आणि तेव्हापासून नुसता हा फरक मोजायला हृदयात नळी घालायची गरज बहुतेकांना उरली नाही. पण डॉप्लरची एक खोड आहे. रक्ताची धार आणि अल्ट्रासाउंडचा किरण एकाच रेषेत असतील तरच पूर्ण वेग दिसतो. ३० अंशांचं वाकडेपण आलं तर वेग १३ टक्के कमी दिसतो, आणि वर्ग केल्यावर ग्रेडियंट पाव भागाने घटतो. ही चूक नेहमी कमी दाखवण्याच्या बाजूची असते. जास्त दाखवणारा गोंधळ बहुधा एकच: शेजारच्या मायट्रल झडपेची गळती चुकून मोजली जाणं. तिची धार लवकर सुरू होते आणि उशिरापर्यंत चालते, त्यावरून ती ओळखता येते.

या खोडीने मला एकदा चांगलाच धडा शिकवलाय. पंधराएक वर्षांपूर्वी साठीतल्या एका शिक्षकांचा इको मी केला. डाव्या बाजूने, छातीच्या टोकाकडून वेग आला ३.४. ‘मॉडरेट, वर्षाने या’ असं लिहून दिलं. बाहेर बरेच पेशंट बसले होते, मी उजव्या बाजूने बघितलंच नाही. पाच महिन्यांनी गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत ते कोसळले. शुद्धीवर आले, नशीब त्यांचं आणि माझंही. परत इको करताना त्यांना उजव्या कुशीवर वळवलं, पेन्सिलसारखा छोटा प्रोब छातीच्या हाडाच्या उजव्या कडेला लावला, आणि वेग आला ४.४. झडप पाच महिन्यांत एवढी बिघडत नाही. सरासरीने वेग वर्षाला ०.३ मीटर वाढतो. ती आधीही तेवढीच खराब होती, मी चुकीच्या खिडकीतून बघत होतो. झडप बदलून ते पुढे कितीतरी वर्षं दिवाळीचा फराळ घेऊन येत राहिले, आणि दर वेळी मला ओशाळल्यासारखं व्हायचं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: तिसरा इको जरूर करा, पण मोठं शहर आणि महागडं यंत्र हा निकष लावू नका. हा पेन्सिल प्रोब वापरणारे, उजवीकडूनही बघणारे आणि एका पेशंटला अर्धा-पाऊण तास देणारे डॉक्टर शोधा. ते तुमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतील. अपॉइंटमेंट घेताना विचारायला लाजू नका: “उजव्या बाजूने डॉप्लर घेता ना?” दोन्ही जुने रिपोर्ट आणि मिळाल्या तर चित्रफितींची सीडी बरोबर न्या. इकोच्या आधी बीपी मोजून रिपोर्टावर लिहायला सांगा. बीपी १८० असताना घेतलेला ग्रेडियंट फसवा असतो, मी अशा वेळी बीपी आटोक्यात आल्यावर पुन्हा बोलावतो. हिमोग्लोबिनही करून घ्या. रक्त पातळ असलं की हृदय जोरात धावतं आणि ग्रेडियंट फुगतो. शिवाय या आजारात आतड्यातून थोडं थोडं रक्त जाण्याचा प्रकार माहितीतला आहे, तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघालं तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका, कारण शोधायला लावा.

तिसऱ्या इकोनंतरही चित्र असंच अधांतरी राहिलं तर मी अल्ट्रासाउंड बाजूला ठेवतो आणि झडपेच्या चुन्याचा सीटी स्कॅन सांगतो. याला डाय लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, काही मिनिटांत होतो. त्यात कॅल्शियम स्कोअर येतो. बायकांमध्ये तो १२००च्या वर गेला तर आजार तीव्र असण्याची शक्यता मोठी, ८००च्या आत असेल तर तीव्र नसण्याची. पुरुषांची रेघ २००० वर आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुरुषांची पट्टी बायकांना लावून “१५०० म्हणजे काही विशेष नाही” असं सांगितलेलं मी ऐकलंय. एक मात्र, ही पट्टी म्हातारपणी चुना साठून आखडलेल्या झडपेची आहे. संधिवाताच्या तापाने चिकटलेल्या झडपेत चुना कमी असूनही ती अरुंद असू शकते. दोन्ही रिपोर्टांत ‘कॅल्सिफाइड’ लिहिलंय, त्यामुळे आईंना ती लागू पडावी.

तुम्हाला कोणीतरी डोब्युटामिन इकोही सुचवलाय. तो हृदय अशक्त झालेल्यांसाठी. आईंचा ईएफ ६० आहे, त्यांना त्याचा उपयोग नाही. ‘ट्रिव्हियल एआर’ म्हणजे नावापुरती गळती, तीही विसरा.

तुमच्या प्रश्नात मला खरं अडलं ते एका ओळीवर. “आईला काहीच त्रास नाही, फक्त वयोमानाने आता फारशी हिंडत-फिरत नाही.” दोन डॉक्टर ०.८ आणि १.१ वर अडले असताना निर्णय बहुतेक या ओळीत दडलेला आहे. झडप तीव्र अरुंद असेल आणि तिच्यामुळे धाप, छातीत दुखणं किंवा अंधारी सुरू झाली असेल, तर वाट बघण्यात धोका आहे. उपचाराविना अशी माणसं बहुतेक दोन ते पाच वर्षांतच जातात, हे १९६०च्या दशकापासून माहीत आहे. उलट झडप खरोखरच मध्यम असेल तर सहा महिन्यांनी, वर्षाने इको करत आरामात राहता येतं.

पण आपल्याकडच्या आयांना “धाप लागते का?” विचारलं की उत्तर ठरलेलं, नाही. कारण धाप लागेल असं काम त्यांनी केव्हाच सोडलेलं असतं. म्हणून मी तो प्रश्नच विचारत नाही. मागच्या दिवाळीला स्वतः करत होता आणि या दिवाळीला दुसऱ्यावर सोपवलं, असं काय, ते विचारतो. गच्चीवर वाळवण घालायला कोण जातं? देवळात जाताना वाटेत कुठे थांबता? अंघोळीचं पाणी कोण उचलतं? हे प्रश्न आईंना न विचारता घरात पाणी भरणाऱ्या सुनेला विचारा. उत्तरं जास्त खरी मिळतात. एका आजोबांनी मला ठासून सांगितलं होतं की काही त्रास नाही. निघता निघता नात म्हणाली, “आजोबा आता खालीच झोपतात, वर येतच नाहीत.” निदान तिने केलं.

तरीही शंका राहिली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालवून बघतात. शास्त्रात ट्रेडमिल लिहिलेली आहे, पण नऊवारी नेसलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईला पट्ट्यावर चढवणं माझ्याने होत नाही. मी त्यांना माझ्यासोबत दवाखान्याच्या व्हरांड्यात आणि एक जिना चालवतो, आधी आणि नंतर नाडी, बीपी बघतो. चालल्यावर बीपी वाढायच्या ऐवजी घसरलं तर मला ते कागदावरच्या दशांश चिन्हापेक्षा जास्त सांगून जातं. ज्यांना अंधारी आलेली आहे त्यांना मात्र असं चालवून बघायचं नसतं, आणि कुणालाही घरी हा प्रयोग करायचा नाही. एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणीही हृदयावर ताण आहे का ते दाखवते. माझ्या मते ती इथे करावी.

फुग्याचं म्हणाल, तर तुमच्या मावशींची मायट्रल झडप होती. तिथे चिकटलेल्या कडा फुग्याने सुटतात आणि वर्षानुवर्षं काम भागतं. एऑर्टिक झडपेत चुन्याचे खडे असतात, फुगा काढला की काही महिन्यांत ती पुन्हा आखडते. औषधानेही ती उघडत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी तिचं आखडणं मंदावेल अशी आशा होती, मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. म्हणजे वेळ आलीच तर झडप बदलणं हाच मार्ग: छाती उघडून, किंवा जांघेतून नळीवाटे, म्हणजे टावी. फ्रान्समध्ये २००२ साली पहिल्यांदा झालेली टावी आता आपल्याकडेही रुळली आहे. युरोपच्या मार्गदर्शिकेत टावीला पसंतीचं वय ७५ होतं, २०२५ मध्ये ते ७० वर आलं. ७२ व्या वर्षी आई त्या बाजूला झुकतात, पण खर्च खूप मोठा, आणि जांघेतली रक्तवाहिनी व झडपेची बैठक सीटीवर मापल्याशिवाय काहीच ठरत नाही. ती चर्चा आजार तीव्र ठरल्यावर. आत्ता पॅकेजच्या चौकशा करत फिरू नका.

एक तातडीची गोष्ट. आईंच्या उशाशी सॉर्बिट्रेट ठेवलंय असं तुम्ही सहज लिहिलंय. शेजाऱ्यांनी दिलेलं, “छातीत भरून आलं तर जिभेखाली” म्हणून. ते तिथून काढा. अरुंद झडपेच्या पेशंटचं बीपी त्या गोळीने झपकन खाली येऊ शकतं आणि तो पडू शकतो. बीपीची नेहमीची गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

राहता राहिला जोतिबा. चैत्र यात्रेच्या दिवशी नको. उन्हात तासन्‌तास उभं राहणं, घाम, पाणी कमी, रेटारेटी, ही सगळी या झडपेला न मानवणारी गोष्ट आहे. तिसरा इको आणि सीटी होऊ द्या. तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तर एखाद्या दिवशी, रविवार टाळून, सकाळी लवकर गाडीने वर न्या. पायऱ्या उतरताना काही वाटणार नाही, परत चढताना वाटेल. तेव्हा त्यांच्या मागे चाला, आणि त्या कितव्या पायरीला थांबतात ते मोजून मला कळवा.